दर उन्हाळ्यात गॅस कशाला?

उन्हाळा तापला की गाडीचा एसी कुचकामी वाटू लागतो आणि गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: गॅस भरून घ्या. माझ्या मते कॉम्प्रेसरचा जीव घेणारी सवय हीच. एसीतला आर-१३४ए वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही; बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळती आहे; ती न शोधता नुसता गॅस भरला, तर दुखणं तसंच राहतं. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसरचं वंगण, म्हणजे तेल, याच वायूबरोबर फिरतं. वायू घटला की तेल नीट परतत नाही, गळतीतून थोडं बाहेरही जातं, आणि आतले भाग कोरडे घासू लागतात. कंडेन्सरच्या सांध्यावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर गळती बहुधा तिथेच असते.

रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडा वायू झिरपतो, हा आक्षेप खरा आहे. पण दरवर्षी भरावा लागत असेल, तर ते नुसतं झिरपणं नव्हे. खर्चाचं म्हणाल, तर गळती शोधणं नव्या कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. शिवाय हवेत सुटलेला एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांत सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. कॉम्प्रेसर आतून झिजून बसलाच असेल, तर नुसता तो बदलून भागत नाही. धातूचा कीस नळ्यांत आणि कंडेन्सरमध्ये अडकलेला असतो. तो नव्यालाही खातो. नळ्या धुणं, ओलावा शोषणारा ड्रायर बदलणं, व्हॅक्यूम करणं, तेल आणि वायू मोजून भरणं, ही कामं बिलात वेगवेगळी लिहून मागावीत.