रेम्ब्रांटच्या घरची हेंड्रिक्ये

सुरतेस जाणारी आपली मंडळी घारी घेऊन परततात. कतारगामच्या डच कबरस्तानाकडे सहसा कोणी वळत नाही. तेथील मोठ्या घुमटाखाली १६९१ साली वारलेला व्हॅन रीड हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विसावला आहे.

या कंपनीची सुरतेस वखार होती. तिच्या व्यापाराच्या वाटेनेच मोगल चित्रे ॲम्स्टरडॅमला पोहोचली असावीत. थोर चित्रकार रेम्ब्रांट याने १६५६ ते १६६१ च्या सुमारास तशी चित्रे पाहून शहाजहान वगैरेंची रेखाटने केली. त्यांतील वीसहून अधिक आजही उपलब्ध आहेत.

ही रेखाटने ज्या घरात झाली, तेथील एक नाते मात्र चारचौघांत उच्चारण्याजोगे नव्हते. रेम्ब्रांटची पत्नी सास्किया १६४२ साली वारली. पतीने पुनर्विवाह केल्यास आपल्या संपत्तीवरील त्याचा हक्क जावा, अशी अट तिने मृत्युपत्रात घातली होती. पुढे १६४९ च्या सुमारास हेंड्रिक्ये स्टॉफेल्स ही विशीतली तरुणी घरकाम आणि स्वयंपाकपाणी पाहू लागली. लग्न झाले नाही, संसार मात्र झाला. १६५४ साली ती गरोदर असताना धर्मसभेने तिला जाब विचारला व प्रभुभोजनाच्या विधीतून वगळले. शिक्षा झाली ती एकट्या तिलाच. त्याच ऑक्टोबरात कन्या कॉर्नेलिया हिचा बाप्तिस्मा झाला.

१६५६ साली रेम्ब्रांटचे दिवाळे निघाले. नव्या चित्रांवर सावकारांनी हात टाकू नये म्हणून १६६० साली हेंड्रिक्ये आणि सास्कियाचा मुलगा टिटस यांनी चित्रविक्रीची भागीदारी काढली व रेम्ब्रांटला तीत नोकरीस ठेवले. घरची मोलकरीण चित्रकाराची मालकीण झाली! १६६३ साली ती निवर्तली.

दरबारी गवयाच्या घरी वाढलेल्या मला यात नवल वाटत नाही. घराण्याच्या वंशावळीत गुरुशिष्यांची नावे सापडतात. ज्या चुलीवर त्यांचा रियाज पोसला, ती सांभाळणारीचे नाव सापडत नाही. तिला गुपित म्हणून झाकून ठेवण्यात कुळाची अब्रू राहते, असे आपण मानतो. वास्तविक ऋण झाकल्याने फिटत नाही.

कॉर्नेलिया १६७० साली लग्न करून बटाव्हियास गेली. सुरतेची वखार तेथूनच हुकूम घेत असे. तेथे तिने एका मुलाचे नाव रेम्ब्रांट ठेवले आणि दुसऱ्या अपत्याचे आईच्या नावावरून. धर्मसभेने दूर लोटलेले नाव लेकीने असे पाळण्यात घातले.