देवलांच्या दिवशी दिलेली बक्षिसं

१४ जून हा गोविंद बल्लाळ देवलांचा स्मृतिदिन. १९१६ साली ते गेले. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद आपले वार्षिक पुरस्कार त्याच दिवशी देते, माटुंग्याच्या यशवंत नाट्य मंदिरात. नटनट्यांबरोबर पडद्यामागच्या रंगमंच कामगारांनाही तिथे व्यासपीठावर बोलावतात, हे मला फार मोलाचं वाटतं. पण देवल हे ‘संगीत शारदा’चे कर्ते, आणि त्यांच्याच दिवशी संगीत नाटकाचं पारितोषिक निवडताना समोर नवी नाटकं मोजकीच असतात, याची रुखरुख लागते.

मागे वळून पाहिलं तर असं दिसतं की, मुंबईत बक्षीस नेहमीच नाटकानंतर आलं नाही. पुष्कळदा बक्षिसामुळे नाटक उभं राहिलं. बोलपटांनी नाटक कंपन्या बंद पाडल्यावर गिरगावात केळेवाडीतल्या मुंबई मराठी साहित्य संघाने, डॉ. अ. ना. भालेरावांच्या धडपडीने, नाट्यमहोत्सव भरवून जुनी संगीत नाटकं पुन्हा प्रेक्षकांसमोर आणली. १९५४मध्ये सरकारची राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. परळ-लालबागात कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा होत्या. पाळी संपवून तालमीला येणारे गिरणी कामगार, आणि दामोदर हॉलमध्ये त्यांना बघायला आलेली अख्खी चाळ. १९८२च्या गिरणी संपानंतर ही माणसं पांगली आणि त्यांच्याबरोबर एक जाणता प्रेक्षकही गेला. त्याची भरपाई कुठल्याच सोहळ्याने झालेली नाही.

१९६७ हे साल मला सारखं आठवतं. ‘रंगायन’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेने राज्य नाट्यस्पर्धेसाठी तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ उभं केलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि नायिका बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. त्याच वर्षी व्यावसायिक रंगमंचावर दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ आलं, अभिषेकीबुवांचं संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब घेऊन. गद्य नाटकाला त्यानंतरही स्पर्धांनी नवे लेखक पुरवले. गाण्याच्या नाटकाला मात्र गाणारा नट लागतो, ऑर्गन-तबल्याची साथ लागते, महिनोन्‌महिने तालीम लागते. हा खर्च एका रात्रीच्या मानचिन्हातून निघत नाही.

सुधीर दामले यांच्या ‘नाट्यदर्पण रजनी’ने पुरस्काराला थाट दिला; रात्र रात्र चालणाऱ्या त्या सोहळ्याची नाट्यवर्तुळात वर्षभर वाट पाहिली जाई. पुढे वाहिन्या आल्या, सोहळे छोट्या पडद्यावर गेले. सरकारनेही अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावाने संगीत रंगभूमीचा जीवनगौरव ठेवला. तो योग्यच आहे, पण तो मिळतो हयात गाण्यात घालवल्यावर. विशीतल्या गायक नटाने तोवर काय करावं?

प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’ने थोडं उत्तर दिलं. आधी स्पर्धेची एकांकिका, मग २०१७मध्ये ‘भद्रकाली’ या निर्मितीसंस्थेने केलेलं पूर्ण नाटक. रंगमंचावर फक्त दोघी, तुकारामांची बायको आवली आणि लखुबाईच्या रूपातली रखुमाई. बक्षिसं मिळाली, हाउसफुल्लचे बोर्ड लागले, देशमुखांना २०२०चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला. मला त्यातलं पहिलं पाऊल महत्त्वाचं वाटतं: एकांकिकेच्या वयातच कुणीतरी गाण्याला हात घातला. एकांकिका स्पर्धांनी संगीत एकांकिकेसाठी वेगळं पारितोषिक ठेवावं, आणि ते रोख असावं, साथीदारांच्या मानधनाला पुरेल इतकं.