ऊब लागल्यावर

मावशींनी पुडीतलं चिमूटभर दगडफूल तळहातावर घेतलं, दुसरा हात वर झाकला आणि ओंजळीच्या फटीतून आत सावकाश गरम श्वास सोडला. आरसा पुसायच्या आधी सोडतो तसा. मग ओंजळ नाकाशी नेली, डोळे मिटले. "चाललंय," म्हणाल्या आणि पुडी उजव्या हाताला सारली.

दहिवलीच्या एका मसाल्याच्या डंकावर, मावशींच्या शेजारी, मी सकाळपासून बसले होते. एवढ्या वेळात मावशींनी हे सात-आठ वेळा तरी केलं असेल. दरवेळी मी हातातलं काम थांबवून बघत राहिले.

इथं येण्याचं कारण मुंबईतलं. मोहम्मद अली रोडवरच्या एका अत्तराच्या दुकानात दुकानदाराने काचेच्या बुचाने माझ्या मनगटावर शमामा टेकवली होती. वेलची कळली, केशर कळलं. पण त्या सगळ्याच्या तळाशी पावसात भिजलेल्या खोडाचा, सालीखालच्या काळोखाचा असा काहीतरी वास होता, तो ओळखीचा असून नाव सापडेना. दुकानदार म्हणाला, "छडीला." छडीला म्हणजे आपलं दगडफूल. कनौजचे अत्तरवाले शमामात घालतात ते, आणि आयुर्वेद ज्याला शैलेय म्हणतो तेही हेच. माझ्या स्वयंपाकघरात हे इतकी वर्षं डब्यात पडून आहे आणि मी कधी ते एकटं हुंगलंच नव्हतं. घरी येऊन हुंगलं, तर वास नाही. धूळ आणि वाळकी पानं, बस.

मग हा वास येतो कुठून, हे विचारायला मी मसाला करणाऱ्यांकडे आले. कर्जत स्टेशनवरून उल्हास ओलांडली की दहिवली. मार्च ते मे या दिवसांत पावसाआधीचा वर्षाचा मसाला करून घ्यायला आसपासच्या पाड्यांवरून बायका पिशव्या घेऊन येतात. मिरची वाळवून आणायची, देठ काढायचे, खडे मसाले भाजायचे, डंकाच्या लोखंडी मुसळांखाली कुटून घ्यायचं, चाळायचं. हे सगळं सगळ्यांना माहीत असतं. भाजायची वेळ आली की मात्र बायका आपापल्या पुड्या मावशींपुढे ठेवतात.

"किलो मिरचीला दगडफूल किती?" मी विचारलं.

"दहा ग्रॅम."

किलोला दहा ग्रॅम म्हणजे शंभराला एक. मला ते इतकं कमी वाटलं की मी पुन्हा विचारलं. "दहा ग्रॅम. जास्त झालं तर कडू मारतं. नाही घातलं तर मसाला दिवाळीपर्यंतसुद्धा वास धरत नाही. तिखट राहतं नुसतं."

हे ऐकून मी वहीत रेघ मारली. कारण युरोपातले सुगंधकार ओकमॉसविषयी नेमकं हेच सांगतात. ओकमॉस हे दगडफुलाचं भावंडच म्हणायचं, दोघंही एकाच कुळातली. ओकच्या फांद्यांवर वाढणारं, बारीक शिंगांसारखं फुटलेलं. बाल्कन प्रदेशातल्या आणि फ्रान्समधल्या जंगलांतून ते गोळा व्हायचं आणि ग्रास या गावी त्याचा अर्क निघायचा. सुगंधकार फ्रान्स्वा कोटी यांनी 1917 साली 'शीप्र' हे अत्तर बाजारात आणलं. वर बर्गमॉटचा लिंबासारखा ताजेपणा, मध्ये फुलं, तळाशी ओकमॉस. ती घडण इतकी रुजली की पुढे अत्तरांच्या एका अख्ख्या घराण्याला शीप्र हेच नाव पडलं. उडून जाणाऱ्या वासांना तळाशी धरून ठेवणं, हे ओकमॉसचं काम. "वास धरतं" हा मावशींचा शब्द त्याला चपखल बसतो.

आणि ओकमॉससुद्धा ताजं असताना फारसं वासाचं नसतं. त्यातली एव्हर्निक आम्लासारखी मोठी संयुगं मुकीच असतात. ओल आणि ऊब लागली, दिवस गेले की ती फुटतात आणि त्यांतून हलकी, हवेत उठणारी सुवासिक संयुगं निघतात. म्हणून ग्रासमध्ये अर्क काढण्याआधी ते ओलं करून ठेवत. दगडफुलातलं ॲट्रानोरिन हे संयुगही असंच फुटतं. हे मी घरी वाचलं होतं. मावशींची ओंजळ पाहिली तेव्हा ते कळलं. श्वासात ओलही असते आणि ऊबही.

"हे मुकं असतं ताई," त्या म्हणाल्या. "ऊब लागली की बोलतं. न बोलणारं घ्यायचं नाही."

जवळून पाहिलं तर दगडफूल म्हणजे चुरगळलेला कागद. वरून राखी-पांढरं, खालून काळंभोर, कडा वळलेल्या. खालच्या अंगाला सालीचे कपचे चिकटलेले असतात. मावशी ते नखाने एकेक उचकटून काढतात. साल राहिली तर मसाल्याला लाकडाचा वास मारतो, आणि वजनही तिचंच भरतं. दगडफूल दगडावरचं थोडं, झाडावरचं फार. फूल तर नाहीच. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार आहे. बुरशी घर देते, शेवाळ उन्हावर अन्न शिजवतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या संग्रहात अशा दगडफुलांचे नमुने जपून ठेवलेले आहेत.

बाजारात येणारं बरंचसं उत्तराखंडच्या डोंगरांतून येतं, दक्षिणेतूनही येतं. त्याची शेती होत नाही. जंगलात जाऊन झाडावरून खरवडायचं, एवढंच. ते वर्षाला वाढतं काही मिलिमीटर. मावशींच्या पुढ्यातला तळहाताएवढा तुकडा कितीतरी पावसाळे खोडाला धरून राहिलेला असणार. किलोला दहा ग्रॅम, घरटी पाच किलो मिरची, एका दिवसात तीस-चाळीस घरं. मी हिशेब करायला लागले आणि मला तो पुरा करवेना.

भाजताना त्यांनी लोखंडी कढईत तेलाचा थेंब फिरवला. धने, दालचिनी, तिरफळ, मसाला वेलची एकामागून एक उतरली. दगडफूल सगळ्यात शेवटी, जाळ काढून घेतल्यावर, नुसत्या तापल्या कढईत. चार-पाच वेळा परतलं असेल. आणि मिरचीच्या खकाण्याने भरलेल्या, पत्र्याखाली तापलेल्या त्या खोलीत भर एप्रिलमध्ये जून महिना आला. ओलं खोड, शेवाळलेली पायरी, बंद माळा. मनगटावरची शमामा तीच. मला भरून आलं, आणि ते मिरचीमुळे असं कुणी समजलं असेल तर समजू दे.

युरोपीय संघाने 2017 साली ओकमॉसमधल्या ॲट्रानॉल आणि क्लोरोॲट्रानॉल या दोन घटकांवर बंदी आणली, कारण त्यांच्यामुळे काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. 2021 पासून ते असलेली प्रसाधनं तिथे विकताही येत नाहीत. अत्तर लावणाऱ्याच्या त्वचेची ही काळजी मला योग्यच वाटते. पण दिवसभर या खकाण्यात बसणाऱ्या बाईच्या नाकातोंडावर फक्त पदर असतो. पैसे मिळतात देठ काढलेल्या मिरचीचे, किलोवर. भाजण्याचे थोडे वेगळे. ओंजळीत श्वास सोडून वास घेण्याचे काहीच नाहीत. ग्रासमध्ये असं नाक असणाऱ्या माणसाला मानाने सुगंधकार म्हणतात. इथे मी डंकाच्या मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मावशींना सवय आहे." सवय हा शब्द मला तेव्हाही खटकला, आजही खटकतो.

दुपारी दोनच्या सुमारास एक मुलगी आईने पाठवलेली पिशवी घेऊन आली. मावशींनी दगडफुलाची पुडी सोडली, ओंजळ केली, श्वास सोडला, हुंगलं. पुन्हा श्वास सोडला. मग ओंजळ माझ्यापुढे धरली. मी हुंगलं. धूळ आणि वाळकी पानं.

"दुकानदाराला सांग, हे जुनं आहे, उठत नाही. बदलून दे म्हणावं."

"एवढंसंच तर आहे," मुलगी म्हणाली.

"एवढंसंच लागतं," मावशी म्हणाल्या. त्यांनी पुडी पुन्हा बांधली, मुलीच्या हातात दिली आणि तिची मिरची रांगेत मागे सरकवून ठेवली.