टोकियोचं पत्र : चार खाती, एक रस्ता

जपानची लोकसंख्या आज सव्वाबारा कोटींच्या आसपास आहे. महाराष्ट्राचीही जवळपास तेवढीच. २०२३ साली महाराष्ट्रात रस्त्यांवर १५ हजारांहून अधिक माणसं गेली, जपानमध्ये २,६७८. जपानी पोलीस या आकड्यात अपघातानंतर २४ तासांत दगावलेल्यांनाच धरतात आणि आपल्याकडे ३० दिवसांचा हिशोब असतो. पण ३० दिवस धरले तरी जपानचा आकडा सव्वातीन हजारांच्या आसपासच राहतो.

सुट्टीत माझ्या गावी, वाशिमला आले की हे आकडे मी सांगते आणि एकच उत्तर ऐकते : "ते जपानी आहेत, त्यांच्या रक्तातच शिस्त आहे." मला हे उत्तर पटत नाही. १९७० साली याच जपानमध्ये, याच लोकांच्या रस्त्यांवर एका वर्षात १६,७६५ माणसं मेली होती आणि लोकसंख्या तेव्हा साडेदहा कोटींच्या आत होती. म्हणजे महाराष्ट्र आज जिथे उभा आहे, तिथेच. वर्तमानपत्रं त्याला सरळ 'वाहतुकीचं युद्ध' म्हणत. त्याच वर्षी वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा झाला. देश, प्रांत आणि शहर अशा तिन्ही पातळ्यांवर दर पाच वर्षांची योजना करायची आणि ती लोकांपुढे ठेवायची, असं ठरलं. फूटपाथ झाले, सिग्नल लागले, कठडे बसले. १९७९ साली मृत्यू ८,४६६वर आले, म्हणजे नऊ वर्षांत निम्मे. पुढे गाड्या वाढल्या, हात सैल पडला आणि १९९२मध्ये आकडा पुन्हा ११ हजारांवर गेला. मग पुन्हा कंबर कसली. रक्तातली शिस्त अशी वरखाली होत नसते. कारभार होतो.

हा कारभार जवळून कसा दिसतो, ते या पत्रात सांगते. मी टोकियोच्या पूर्व टोकाला, एदोगावा नावाच्या वॉर्डात राहते. वॉर्ड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे नगरसेवकाचा प्रभाग येतो. आमचा हा वॉर्ड म्हणजे जवळपास सात लाख वस्तीची स्वतंत्र नगरपालिकाच आहे. तिला निवडून दिलेला महापौर असतो, सभागृह असतं, शाळा आणि वाचनालयं असतात. २००० सालच्या आसपास संगणकाच्या कामासाठी भारतीय इंजिनिअर इथे येऊ लागले. आज नुसत्या एदोगावात पाच हजारांहून अधिक भारतीय आहेत आणि निशी-कासाई स्टेशनाबाहेर मराठी कानावर पडलं तर कुणी वळून बघत नाही.

आपल्याला वाटतं तसं इथे सगळं एका हाती मुळीच नाही. सिग्नल आणि झेब्रा पट्टे पोलिसांच्या अखत्यारीत आहेत. गल्लीबोळ वॉर्डाचे, मोठे रस्ते टोकियो सरकारचे, त्याहून मोठे केंद्राचे. शाळा शिक्षण मंडळाच्या. पोलीस तर वॉर्डाचे नाहीतच, ते टोकियो महानगराचे. वाशिममध्ये पाटणी चौकातल्या कोंडीबद्दल विचारलं की नगरपरिषद शहर वाहतूक शाखेकडे बोट दाखवते. वाहतूक शाखा अतिक्रमणाकडे आणि पर्यायाने पुन्हा नगरपरिषदेकडे दाखवते. अकोला नाक्याबद्दल विचारलं तर महामार्गाचं आणि बांधकाम खात्याचं नाव निघतं. तशी बोटं दाखवायची सोय इथेही पुरेपूर आहे. ती मोडून काढायला जे केलं, तेच मला सांगायचं आहे.

इथली सरकारी प्राथमिक शाळेतली मुलं सहाव्या वर्षापासून पायी शाळेत जातात, आईबाप पोचवायला जात नाहीत. प्रत्येक शाळेचा जाण्यायेण्याचा मार्ग ठरलेला असतो, तो नकाशावर असतो. २०१२च्या एप्रिलमध्ये क्योतो प्रांतातल्या कामेओका इथे परवाना नसलेल्या, पेंगुळलेल्या तरुणाची गाडी शाळेत निघालेल्या मुलांच्या रांगेत घुसली. देश हादरला. त्यानंतर शिक्षण खातं, रस्ते खातं आणि पोलीस या तिघांनी मिळून सगळ्या शाळांचे मार्ग तपासायचे, असा हुकूम निघाला. दुरुस्ती हवी अशा सुमारे ७४ हजार जागा निघाल्या. तरी सगळं सुटलं नाही. २०२१च्या जूनमध्ये चिबा प्रांतातल्या याचिमाता शहरात दारू प्यालेल्या ट्रकचालकाने पाच मुलांना उडवलं, त्यातली दोघं गेली. त्या रस्त्याला फूटपाथ नव्हता. कठडा बसवा, ही पालकांची मागणी आधीपासून होती. पैशांअभावी ती मागे पडली होती. मग पुन्हा देशभर तपासणी झाली आणि पुन्हा सुमारे ७६ हजार जागा निघाल्या. जपानचं नुसतं कौतुक करणाऱ्यांनी याचिमाता लक्षात ठेवावं. मागणी कागदावर होती आणि मुलं मेली.

आमच्या शाळेच्या मार्गाची तपासणी झाली तेव्हा पालक म्हणून मीही गेले होते. उपमुख्याध्यापिका, आम्ही काही पालक, वॉर्डाच्या रस्ते विभागाचा अभियंता, शिक्षण मंडळाची एक बाई आणि पोलीस ठाण्याच्या वाहतूक शाखेचा अंमलदार, अशी सगळी माणसं एकाच वेळी एकाच कोपऱ्यावर उभी. प्रत्येकाच्या हातात तोच नकाशा. एका वळणावर अभियंता खाली बसला आणि पहिलीतल्या मुलाच्या उंचीवर डोळे आणून त्याने रस्ता पाहिला. तिथून गाडी दिसतच नव्हती, एका सोसायटीच्या कुंपणाची झुडपं मध्ये येत होती. आम्ही उभ्या माणसांना ती कधी खटकली नव्हती. त्याने फोटो काढला, टेपने अंतर मोजलं. पुढच्या गल्लीत डांबरावरची 'थांबा' ही अक्षरं पुसली गेली होती. ते माझ्याकडे, असं अंमलदार म्हणाला आणि त्याने टिपून घेतलं. कडेने हिरवा पट्टा मारून चालायची जागा वेगळी करायची, ते वॉर्डाकडे गेलं. एका ठिकाणी आम्हाला सिग्नल हवा होता. दुसरा सिग्नल अगदी जवळ आहे, नियमात बसणार नाही, असं अंमलदाराने तिथेच तोंडावर सांगितलं.

वॉर्ड अशा तपासणीचा तक्ता संकेतस्थळावर टाकतो. जागा कोणती, धोका काय, उपाय काय, करणार कोण, हे एका ओळीत. आमच्या सिग्नलला नकार मिळाला, तो कारणासकट मिळाला. मला तो नकारसुद्धा मोलाचा वाटला. कारण उद्या त्या चौकात काही झालं, तर कुणी काय ठरवलं होतं हे सगळ्यांना वाचता येईल.

आपल्याकडे निवेदन देण्याची मोठी परंपरा आहे. शिष्टमंडळ जातं, साहेबांना निवेदन देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, आवक बारनिशीचा शिक्का मारलेली पोच घरी फायलीत लागते. माझ्या वडिलांनी शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून दिलेल्या निवेदनाची अशीच पोच घरी आहे. ते एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात 'पुढील कार्यवाहीस्तव' गेलं आणि परत काही आलं नाही. वडिलांना 'नाही' असंही कुणी लिहून कळवलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता पोलिसांविषयी. इथे गल्लोगल्ली कोबान असते. दोनतीन पोलिसांची चौकी, दारावर लाल दिवा, आत भिंतीवर वस्तीचा नकाशा. देशभरात अशा सहा हजारांवर चौक्या आहेत. खेड्यात तर पोलीस बायकामुलांसह चौकीतच राहतो. आपला पोलीस पाटील हा गावातला माणूस शासनाशी जोडतो. इथे शासनाचा माणूस गावात घर करतो. कोबानचा पोलीस अधूनमधून घरोघर येतो, कोण राहतं, अडचणीत कुणाला कळवायचं, हे विचारून कार्ड भरून घेतो. कार्ड भरणं ऐच्छिक असतं. पहिल्यांदा दारात वर्दी दिसली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. वाशिमच्या माणसाच्या दारात पोलीस सहज म्हणून येत नाही. तो मात्र शेजारच्या आजींना रात्री एकटं वाटतं का, एवढं विचारून गेला.

पण हे पोलीसही लोकांच्या रेट्याने बदललेले आहेत. १९९९ साली सायतामा प्रांतातल्या ओकेगावा इथे एका विद्यार्थिनीचा खून झाला. पिच्छा पुरवणाऱ्यांविरुद्ध तिने आधीच पोलिसांत तक्रार दिली होती. पोलिसांनी ती झटकली, इतकंच नाही, तर कागद बदलून तिचं वजन कमी केलं. त्या पोलिसांना बडतर्फ केलं गेलं, शिक्षा झाली, आणि २०००मध्ये पिच्छा करण्याविरुद्ध कायदा आला. दखलपात्र गुन्ह्याची अदखलपात्र नोंद करून बोळवण केलेल्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. त्या काळात पोलिसांची आणखीही प्रकरणं बाहेर आली. त्यातूनच २००१पासून प्रत्येक पोलीस ठाण्याला रहिवाशांची सल्लागार परिषद जोडली गेली. तिच्यात व्यापारी असतात, शिक्षक असतात, गृहिणी असतात, काही ठिकाणी परदेशी रहिवासीही असतात. ठाणेदाराला त्यांच्यापुढे बसून वस्तीतल्या चोऱ्या, फसवणुकीचे फोन, बेशिस्त सायकली यांवर काय केलं ते सांगावं लागतं. आपल्या शांतता समितीची बैठक सणाआधी होते, तिचा विषय मिरवणूक असतो. ही परिषद सणावारी बसत नाही, वर्षभर बसते.

पोलिसांचं इथलं चित्र सगळंच गोड नाही. रस्त्यात अडवून ओळखपत्र मागताना परदेशी चेहरा बघून अडवतात, ही इथे राहणाऱ्या आमच्यासारख्यांची जुनी तक्रार आहे. २०२४च्या जानेवारीत परदेशी वंशाच्या तिघा रहिवाशांनी याच मुद्द्यावर टोकियोच्या न्यायालयात दावा लावला. त्यांच्या बाजूने मी मनापासून आहे.

सेवांच्या बाबतीत वॉर्डाला हातभार लावायला असते मोहल्ल्याची संघटना, चोनाइकाइ. कचरा टाकण्याच्या जागेवर जाळी कोण घालणार, रात्रीची फेरी कोण मारणार, भूकंपाचा सराव कधी, हे सगळं तिथे ठरतं. याच संघटना युद्धकाळात रेशन वाटत आणि शेजाऱ्यावर नजरही ठेवत, म्हणून १९४७मध्ये अमेरिकी अमलाने त्यांच्यावर बंदी घातली होती. आज त्यांत म्हातारी माणसंच उरली आहेत आणि आम्ही परदेशी मंडळी फारशी फिरकत नाही. हे आमचं चुकतं. पूर आला तर गाठ याच शेजाऱ्यांशी आहे, कारण एदोगावाचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ साली वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघर वाटला, त्यावर स्वतःच्याच हद्दीबद्दल ठळक छापलं होतं : इथे थांबू नका. जमिनीचे भाव पडतील, लोक घाबरतील, असं म्हणून ते दडपलं नाही. त्याच ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं, तेव्हा लोक शाळांच्या वरच्या मजल्यांवर जाऊन बसले.

मला इथे मत नाही. परदेशी नागरिकाला मतदान नाही. पण वॉर्डाच्या सभागृहाकडे लेखी गाऱ्हाणं मांडायचा हक्क मलाही आहे. २०१९च्या एप्रिलमध्ये याच वॉर्डातून योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ ६,४७७ मतं घेऊन सभागृहात निवडून आले. जपानचं नागरिकत्व त्यांनी आधीच घेतलं होतं. परक्या देशात मराठी माणूस गटार, शाळा आणि पाळणाघर यांवर बोलण्यासाठी निवडून येतो, याचा मला अभिमान वाटला.

आणि मग वाशिम आठवतं. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यातल्या माणसाला वर्षातून किमान चार ग्रामसभांचा कायदेशीर हक्क आहे. तिथे तो उठून सरपंचाला विचारू शकतो. तोच माणूस वाशिम, कारंजा किंवा रिसोड शहरात राहायला आला की हा हक्क घराच्या उंबऱ्यावरच राहतो. घटनेने सक्तीच्या केलेल्या वॉर्ड समित्या तीन लाखांहून मोठ्या शहरांना आहेत, आणि २०११च्या जनगणनेत वाशिमची वस्ती ऐंशी हजारांच्या आतच होती. २००९ साली महाराष्ट्राने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आणली, पण ती भरलेली पाहिलेला माणूस शोधावा लागतो. त्यानंतर तर कितीतरी नगरपरिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या. निवडणुका झाल्या त्या २०२५च्या डिसेंबरात. आता सभागृहात माणसं आहेत, तेव्हा त्यांना विचारायला हरकत नाही.

मी मागते ते फार मोठं नाही, त्याला नवा कायदाही लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहेच. तिच्यात पोलीस, परिवहन कार्यालय, बांधकाम खातं, सगळी बसतात. फक्त ती दालनात बसते. शाळा व्यवस्थापन समितीही आहे आणि शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीनचतुर्थांश पालक असावे लागतात. जून संपता संपता विदर्भातल्या शाळा उघडतात. त्याआधी वाशिममधल्या एका शाळेच्या समितीने चौघांना एकच पत्र पाठवावं : नगरपरिषद, शहर वाहतूक शाखा, बांधकाम खातं आणि शिक्षणाधिकारी. तारीख एक, वेळ एक, जागा शाळेचं फाटक. तिथून पुसद नाक्यापर्यंत किंवा मुलं जिथून येतात तिथपर्यंत सगळ्यांनी मिळून चालावं आणि जागा, धोका, उपाय, कुणाकडे, कधीपर्यंत, असे पाच रकाने भरून तो कागद नगरपरिषदेच्या आणि शाळेच्या फलकावर लावावा. जिथे जमणार नाही तिथे 'नाही' लिहावं, कारणासकट. आमच्या वॉर्डाच्या तक्त्याचा नमुना मी मराठीत करून ठेवला आहे. ज्या शाळेला हवा असेल, तिने संपादकांकडे मागावा, मी लगेच पाठवते.