सह्याद्रीचा पाषाण आणि तगरची वीट

प्राचीन चीनला तिबेटचे पठार व गोबीचे वाळवंट यांनी दीर्घकाळ तटबंदी पुरविली. सह्याद्रीची तटबंदी निराळी. ती घाटांनी छेदलेली आहे. नाणेघाट, बोरघाट यांतून कोकणच्या बंदरांचा व्यापार पठारावर येई. त्याच वाटांलगत जुन्नर, कार्ले, भाजे येथील लेणी कोरली गेली. वर्षावासास आसरा लाभला आणि कठीण बेसॉल्टवरील दानलेख सुमारे दोन हजार वर्षे टिकले.

करमाळा तालुक्यातील जेऊरच्या सपाट, पर्जन्यछायेतील मुलखात असे कडे नाहीत. पूर्वेस तेरणाकाठच्या तेर, म्हणजे प्राचीन तगर येथेही उपासकांनी विटांचेच चैत्यगृह बांधले. आजचे त्रिविक्रम मंदिर ते हेच, असे अभ्यासक मानतात. विटेला डोंगराचे कवच नसते. म्हणून नांगराला लागलेली मोठी जुनी वीट बांधावर फेकण्यापूर्वी वाचकांनी तिचे मोजमाप व जागा नोंदवावी, अशी आमची विनंती आहे.