दहा वर्षं मातीत

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाची परीक्षा मातीच घेते. लाकडाची दांडकी अर्धी जमिनीत पुरायची, वाळवी आणि बुरशी यांना मोकळं रान द्यायचं आणि ठरावीक काळाने उपटून बघायचं: नुसती वरवर कुरतडली आहेत की आतून पोकळ झाली आहेत. सरासरी 120 महिने तग धरणारं लाकूड पहिल्या वर्गात, 60 महिन्यांच्या आत संपणारं तिसऱ्या. साग पहिल्या वर्गात बसतो, आंबा तिसऱ्यात. इतकी संथ आणि इतकी प्रामाणिक कसोटी दुसरी नाही. पण हा वर्ग ठरतो तो गाभ्याच्या लाकडावरून. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं साठतात, ती वाळवीला मानवत नाहीत. सालीलगतच्या पांढरट लाकडात मात्र पिठूळ अंश असतो आणि तिथे साग असूनही वाळवी लागते. चंडीगढच्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुरचनाकार पिअर जानरे यांच्या देखरेखीखाली 1950 च्या दशकापासून साग-शिसमच्या खुर्च्या घडल्या. त्यांच्या टिकाऊपणामागे जातीइतकंच पक्क्या गाभ्याचं बळ आहे.

म्हणून ‘साग लावा, वाळवीची चिंता सोडा’ हा सल्ला अर्धवट आहे. पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या सागात गाभा थोडा आणि पांढरं लाकूड जास्त. त्याचा खांब जमिनीत रोवणं म्हणजे वाळवीला आमंत्रण. कोणी म्हणेल, रसायन मुरवलं की कुठलंही लाकूड टिकतं. तांबे-क्रोम-आर्सेनिकचं मिश्रण टिकवतं हे खरं, पण तसले तुकडे चुलीत घालणं धोक्याचं. बोरॅक्स घराच्या आत चांगलं काम देतं, पावसात मात्र धुऊन जातं. तेव्हा पांढरं लाकूड बोरॅक्स देऊन छपराखाली वापरावं, गाभा बाहेरच्या खांबाला राखावा. गाभा पिकायला शेतकरी चाळीस वर्षं थांबणार कसा, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्याचं उत्तर कोकणातल्या बांधावर उभं आहे: फणस फळं देत वाढतो आणि त्याचा पिवळा गाभा पुढे दारा-चौकटीला येतो.

खरी अडचण कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, फणस, ऐन, खैर ही झाडं आहेत. आपल्याच बांधावरचं झाड तोडायलाही परवानगी लागते. जंगल वाचवायला ती यादी गरजेची होती, आजही आहे. पण परवानगीच्या हेलपाट्यांना कंटाळून शेतकरी निलगिरीकडे वळतो, आणि तिची कोवळी रोपं तर वाळवी मुळांपासूनच मारते. लागवडीच्या वेळीच सातबाऱ्यावर झाडाची जात आणि वर्ष चढलं, आणि तोडणीची परवानगी त्या नोंदीवरून मिळाली, तर गाभा पिकेपर्यंत झाड राखणं शेतकऱ्याला परवडेल.