वादळवारा आणि घरचें जनित्र

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं कोंकणांतील गृहस्थानें घर शाकारावें, लांकूडफाटा पडवींत भरून ठेवावा, मिठामिरचीची व कडधान्याची बेगमी करावी, हा क्रम आमच्या आजा-पणजांपासून चालत आला आहे. या बेगमीच्या यादींत अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे घरच्या घरीं वीज उत्पन्न करणारें यंत्र. व्यवहारांत त्यास जनरेटर म्हणतात, शुद्ध मराठींत जनित्र. "मास्तर, कोणतें जनित्र घ्यावें?" असें आमच्या परिचयाचे गृहस्थ आम्हांस विचारतात. आम्ही कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. आमचीं सारीं वर्षें मुलांस संस्कृत व मराठी शिकविण्यांत गेलीं. तथापि एका घरगुती प्रसंगामुळें या विषयाकडे बारकाईनें पाहणें आम्हांस भाग पडलें. तो प्रसंग व त्यांतून सुचलेला विचार वाचकांपुढें ठेवीत आहों.

दिनांक ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरहून अधिक होता. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड व दापोली या तालुक्यांस त्याचा तडाखा विशेष बसला. नारळी-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या, आंब्याफणसांचीं जुनीं झाडें तारांवर कोसळलीं, विजेचे खांब मोडले, आणि कित्येक गांवांत आठवडेच्या आठवडे अंधार राहिला. पुढच्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, तौक्ते वादळ आमचा किनारा झोडपून गुजराथेकडे गेलें. गंमत अशी कीं, आमच्या जिल्ह्यांत विजेची वाण नाहीं. पोफळीस कोयनेचें विद्युद्गृह आहे, जयगडास १२०० मेगावॉटचें औष्णिक केंद्र आहे. उणीव विजेची नव्हे; ती घरापर्यंत आणणाऱ्या, झाडांच्या फांद्यांखालून जाणाऱ्या तारांची आहे.

आमची धाकटी बहीण दापोली तालुक्यांतील एका किनाऱ्यालगतच्या गांवीं दिली आहे. घर एकत्र कुटुंबाचें. लहानथोर मिळून चौदा माणसें. सासूबाईंचें वय ऐंशींच्या पुढें, त्यांस मधुमेहामुळें इन्सुलिन टोंचावें लागतें, व त्याच्या कुप्या शीतपेटींत ठेवलेल्या. विहिरीचें पाणी पंपावांचून वर येईना, कारण जुना रहाट कधींच मोडीत निघाला होता. पांचव्या दिवशीं आमच्या भाच्यानें कोठून तरी एक जुनें पेट्रोलचें जनित्र मिळवून आणलें. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून यंत्र भिजूं नये या सद्हेतूनें त्यानें तें पडवींत ठेवून चालूं केलें. दिवे लागले, मुलांनीं टाळ्या पिटल्या. तासाभरानें मुलें डोकें दुखतें म्हणून कुरकुरूं लागलीं. सासूबाई माजघरांत पलंगावर होत्या, त्यांस हांका मारल्या तरी उत्तर धड येईना. आमच्या भाचेसुनेस संशय आला. तिनें कोणास न विचारतां यंत्र बंद केलें, दारें-खिडक्या उघडल्या, आणि सासूबाईंच्या पलंगास दोघांचे हात लावून तो भर पावसांत अंगणाच्या मांडवाखालीं नेला. अर्ध्या तासानें त्या शुद्धीवर आल्या. आम्ही आठ दिवसांनीं तेथें पोंचलों तेव्हां हें समजलें, आणि अंगावर कांटा उभा राहिला.

जनित्राच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायु वाहून नेणाऱ्या द्रव्याशीं तो प्राणवायूपेक्षां सुमारें दोनशेंपट अधिक घट्ट बांधला जातो. म्हणून माणूस गुदमरत आहे हें त्याचें त्यासही कळत नाहीं. यासाठीं पहिला नियम यंत्राच्या निवडीचा नसून जागेचा आहे. पडवी, ओटी, माळा, न्हाणीघर, यांपैकीं एकही जागा जनित्राची नव्हे. तें घरापासून निदान वीस फूट दूर, चारी बाजूंनीं उघड्या पत्र्याच्या छपराखालीं असावें, व धुराचें तोंड दारा-खिडक्यांकडे नसावें. अशी जागा ज्यांच्या परसांत नाहीं, त्यांनीं जनित्र घेऊंच नये.

आतां निवडीकडे वळूं. दुकानदार प्रथम विचारतो, "किती केव्हीएचें हवें?" आमच्या मतें घरच्यांनीं प्रथम निराळाच प्रश्न विचारावा : काय बंद पडलें तर चालणार नाहीं? सर्व मंडळींनीं एकत्र बसून कागदावर यादी करावी. आमच्या बहिणीच्या घरीं ती अशी निघाली : औषधाची शीतपेटी, प्यावयाचें पाणी, स्वयंपाकघर व आजारी माणसाची खोली यांतील दिवे, दूरध्वनीची भरणी. दूरचित्रवाणीचें नांव मुलांनीं तीनदां सुचविलें. तें शेवटच्या ओळींत लिहिलें गेलें.

यादी झाली कीं हिशेब सोपा. नव्या प्रकारचा दिवा ९ वॉट घेतो, साधा छताचा पंखा सुमारें ७५. पांच दिवे व दोन पंखे मिळून १९५ वॉट झाले. एवढ्यासाठीं जनित्राची गरजच नाहीं. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी व इन्व्हर्टर कागदोपत्रीं १८०० वॉट-तास देतात. गळती वजा जातां सहा तास सहज निघतात. नेहमीं येणाऱ्या-जाणाऱ्या विजेसाठीं हेंच उत्तम. आवाज नाहीं, धूर नाहीं. पण वादळानें तारा पडल्या तर बॅटरी भरणार कशी? येथें जनित्राचें काम सुरू होतें.

जनित्राचें माप ठरवितांना एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पंप व शीतपेटी यांचीं मोटर सुरू होतांना नेहमींच्या कित्येक पट वीज ओढते. एक अश्वशक्तीचा पंप चालतांना सुमारें एक हजार वॉट घेत असला, तरी त्यास उठविण्यासाठीं तीन केव्हीएच्या आसपासचें यंत्र लागतें. पंप वगळला तर शीतपेटी, दिवे व बॅटरीची भरणी यांस दोन केव्हीए पुरे होते. म्हणजे विहिरीवर रहाट पुन्हां बसविला, तर यंत्राचें माप, किंमत आणि पेट्रोल हीं तिन्ही कमी होतात! आमच्या मेहुण्यांनीं तेंच केलें.

पेट्रोलचा हिशेबही आधींच मांडावा. दोन केव्हीएचें यंत्र भारावर तासास साधारण एक लिटर पितें. तें अहोरात्र चालविण्याची कल्पना सोडून द्यावी. सकाळीं एक व सायंकाळीं एक तास चालवावें; तेवढ्यांत शीतपेटी गार होते, आणि दार वारंवार न उघडल्यास गारवा पुष्कळ वेळ राहतो. दोन तासांच्या भरणीनें बॅटरी पुरी भरत नाहीं, परंतु पंख्याविना दिव्यांपुरती सहा तासांची रात्र निघते. इन्सुलिनची चालू कुपी थंड जागीं सुमारें चार आठवडे टिकते, न उघडलेल्या कुप्यांस मात्र शीतपेटी हवी. यासंबंधीं आपल्या डॉक्टरांचा सल्ला पावसाळ्यापूर्वींच घ्यावा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानें घरगुती उपयोगासाठीं परवान्यावांचून ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवतां येतें; तेंही चूल व देवघरांतील समई यांपासून दूर. यंत्र तापलेलें असतां त्यांत पेट्रोल ओतूं नये. महिन्यांतून एकदां पंधरा मिनिटें तें चालवून पाहावें, नाहींतर ऐन वेळीं दोरी ओढून खांदा दुखेल, यंत्र बोलणार नाहीं.

कांहीं वाचक सौरशक्तीविषयीं विचारतील. आषाढांतल्या ढगाळ आभाळाखालीं तिचें उत्पन्न घटतें, आणि ज्या सौरयंत्रणेस बॅटरी जोडलेली नाहीं ती बाहेरची वीज जातांच आपोआप थांबते. हा तिचा दोष नव्हे. त्यामागें एक मोठें कारण आहे, व तेंच आमचें शेवटचें सांगणें आहे.

पुष्कळ घरांत जनित्राची तार भिंतींतील खटक्याच्या भोकांत खुपसून सारें घर उजळवितात. अशानें वीज उलट दिशेनें बाहेरच्या तारांत शिरते, आणि रोहित्रांतून उलटी जातांना तिचा दाब ११,००० व्होल्टपर्यंत चढतो. त्या वेळीं कोणी लाइनमन तार मेलेली समजून खांबावर चढलेला असतो. निसर्ग वादळानंतर परजिल्ह्यांतून आलेले असे किती तरी लोक भर पावसांत आमच्या वाड्यांतून खांब उभे करीत होते. आपल्या घरच्या दिव्यापायीं त्यांच्यापैकीं एखाद्याच्या घरचा दिवा विझावा, याहून मोठें पाप कोणतें? म्हणून परवानाधारक तंत्रज्ञाकडून बदलखटका, ज्यास चेंजओव्हर म्हणतात, तो बसवून घेतल्यावांचून जनित्र घराच्या तारांस जोडूं नये. त्याचा खर्च यंत्राच्या मानानें अगदीं थोडा आहे.

आमच्या बहिणीकडे आतां परसाच्या टोंकास पत्र्याखालीं दोन केव्हीएचें नवें जनित्र आहे, खटक्याशेजारीं भाचेसुनेच्या अक्षरांतली ती यादी चिकटविली आहे, आणि विहिरीवर रहाट कुरकुरतो आहे. तौक्ते वादळांत वीज गेली तेव्हां यंत्र सकाळ-सायंकाळ तासभर चाललें; कोणाचें डोकें दुखलें नाहीं. मधल्या वेळांत सासूबाई म्हणाल्या कीं, आमच्या लहानपणीं कंदिलाच्या उजेडांतही पोथी वाचतां येत असे. त्यांचें म्हणणें खरें आहे. परंतु तें म्हणावयास त्या आज आहेत, ही त्या सुनेची सावधगिरी. वाचकहो, यंदां शाकारणीबरोबर यादी करा, जागा पाहा, खटका बसवा, आणि मग दुकानाची पायरी चढा.